अष्टमीची भरती

“थांब, थांब. ती माशीची ओळ परत वाच.”

रुचितानं पान मागे उलटलं, घसा खाकरला आणि वक्तृत्व स्पर्धेत लावतात तसा आवाज लावून पुन्हा सुरुवात केली.

“‘माशी नाकाच्या शेंड्यावर बसली. घरात कोणी नव्हतं. हात होते, पण ते आता माझं ऐकत नव्हते. माशी चालायला लागली. सहा पाय. मी एकेक मोजला. अर्धा तास ती तिथं होती, आणि चाळीस वर्षं ज्या नाकाकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचा सगळा भूगोल मला त्या अर्ध्या तासात पाठ झाला.’”

खाटेवर मानेपर्यंत चादर ओढून निजलेल्या धर्मा तांडेलाच्या नाकपुड्या फुलल्या. घशातून घरघर आली. कफ अडकला की काय म्हणून रुचिता ताडकन उठली. पण तो कफ नव्हता. बाबा हसत होता.

“ह्या मास्तरानं माजी माशी चोरली गं!” धर्मा धापा टाकत म्हणाला. “माज्याकडनं उडाली ती डायरेक माणगावला गेली.”

आत मासे साफ करत बसलेली कमळ विळी तशीच टाकून, खवल्यांच्या हातांनी दारात आली. नवऱ्याचं हे हसणं तिनं अडीच वर्षांत ऐकलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिली आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं मनगटानं डोळे पुसले.

अडीच वर्षांपूर्वीपर्यंत धर्मा रेवस बंदरावरच्या लाँचवर तांडेल होता. म्हणजे लाँच त्याच्या हातात, आणि लाँचमधली माणसं त्याच्या भरवशावर. सत्तावीस वर्षं त्यानं रेवस ते भाऊचा धक्का अशी ये-जा केली. वाऱ्यानं त्याला काही केलं नाही, धुक्यानं केलं नाही, खाडीच्या गाळानं तर नाहीच नाही. आणि मग एका मे महिन्यात स्वतःच्या घराच्या पत्र्यावर ताडपत्री बांधताना पाय सरकला, आणि तो अंगणात मानेवर पडला. उंची किती, तर पुरुषभर. मुंबईच्या इस्पितळात तीन महिने काढून परत आला तो असा. मानेच्या वर सगळं शाबूत आणि मानेच्या खाली काही नाही. दर दोन तासांनी कमळ त्याची कूस बदलायची. लघवीची पिशवी, पाठीची मलमं, घास भरवणं, सगळं तीच करायची. धर्मा दिवसदिवस खिडकीतून खाडी बघायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा.

पुस्तक घरात आलं ते शाळेमुळे. मागच्या वर्षापर्यंत रुचिता वर्गात हजेरीलासुद्धा मान खाली घालून ‘हजर’ म्हणणारी मुलगी होती. यंदा दहावीत गेली आणि पंधरा ऑगस्टच्या भाषणाला कोणी मिळेना म्हणून उभी राहिली, ती अशी काही बोलली की मुख्याध्यापकांनी दुसऱ्यांदा माईक दिला. तेव्हापासून तिचं तोंड बंद होत नव्हतं. अलिबागला पुस्तक-परिचयाची स्पर्धा होती. वाचनालय सांभाळणाऱ्या मृणाली मॅडमनी कपाटातून एक पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं. ‘मानेच्या वर’. माणगावकडच्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर मोटारसायकलवरून पडले होते आणि त्यांचं जे झालं होतं, तेच नेमकं धर्माचं झालं होतं.

“घरी वाचायचं की नाही ते तू ठरव,” मॅडम म्हणाल्या होत्या.

कमळचा विरोध होता. शेजारच्या सखुबाईचा तर होताच. “बुडालेल्याला बुडालेल्याची गोष्ट सांगतंस कं काय?” सखुबाई म्हणाली होती. पण रुचितानं कोणाचं ऐकायचे दिवस संपले होते. संध्याकाळी साडेपाचची लाँच धक्क्याला लागली की ती बाबाच्या उशाशी स्टूल ओढायची आणि वाचायला बसायची. आधी धर्मा लाँचचा आवाज ऐकायचा. “गणराजनं आज गिअर लवकर सोडला,” असं काहीतरी म्हणायचा. गणराज त्याचा खलाशी, वीस वर्षं हाताखाली होता, आता त्याच्या जागी तांडेल. मग म्हणायचा, “हां. वाच.”

माशीच्या दिवसापासून तो “वाच” म्हणायला लाँचची वाट बघेना. शाळेतून आल्या आल्या दप्तरही खाली ठेवू द्यायचा नाही. “मास्तर काय बोल्ला आज?” हेच पहिलं. मास्तरांना मुंबईच्या डॉक्टरनं तोंडाकडे न बघता तपासलं तेव्हा धर्मानं त्या डॉक्टरला दोन शिव्या दिल्या. मास्तरांनी दातांत ब्रश धरून पहिली रेघ मारली तेव्हा म्हणाला, “सरळ आली कं?” रुचिता म्हणाली, “वाकडी.” “येनारच. पयली लाँच मी बी गाळात घातलेली.”

आठ प्रकरणं अशी मजेत गेली. नवव्यानं घात केला.

स्पर्धेची तयारी म्हणून रुचितानं मधल्या सुट्टीत नववं प्रकरण एकटीनं वाचलं. एकवीस पानं. वाचून झाल्यावर डब्यातली पोळी तिनं तशीच परत ठेवली. त्या एकवीस पानांत मास्तरांनी जेवण सोडलं होतं.

आणि रुचिताच्या घरातही ते होऊन गेलं होतं. गेल्या वर्षी, माघात. एका सकाळी कमळनं पेजेचा चमचा पुढे केला आणि धर्मानं दात आवळले. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवस. डॉक्टर येऊन सलाइन लावून गेले. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. रुचिता शाळेत जायची, वही उघडून बसायची आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी कानोसा घ्यायची, घरातून रडण्याचा आवाज येतोय का. चौथ्या दिवशी घरी आली तर बाबा पेज खात होता. आईनं एकविरेला पाच नारळांचा नवस बोलला होता, तो फळला, असं सगळ्यांनी धरून चालवलं. त्यानंतर त्या चार दिवसांचं नाव कोणी काढलं नाही. झाकलेलं पाणी तसंच झाकून ठेवलं.

आता ते पाणी हे पुस्तक उघडणार होतं. बाबानं ऐकलं आणि त्याच्या मनात पुन्हा तेच आलं तर? या वेळी नवस फळला नाही तर?

सरळ दहाव्या प्रकरणावर उडी मारावी तर त्याची पहिलीच ओळ होती, ‘त्या चार दिवसांनंतर’. मग रुचितानं, जी मुलगी मुख्याध्यापकांकडून दोनदा माईक मिळवते तिनं, ठरवलं की नववं प्रकरण आपणच लिहायचं.

लिहायचं म्हणजे तोंडानं. पुस्तक उघडं धरायचं, डोळे ओळींवरून फिरवायचे आणि मनातलं वाचायचं. पहिल्या दिवशी तिनं मास्तरांच्या घरी एक बोलका पोपट आणला. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या मित्रांनी त्यांना टेम्पोत घालून हरिहरेश्वराला न्यायचा बेत केला. त्यात एक जाडा मित्र होता, एक विसराळू होता, आणि टेम्पोचा भोंगा आपोआप वाजायचा. रुचिताला स्वतःलाच इतकी मजा आली की रात्री झोपताना ती पुढचं जुळवत बसली.

फक्त बाबा हसत नव्हता. खिडकीकडे बघत ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी टेम्पो पोचला. रुचितानं सगळी हौस पणाला लावली.

“‘गोकुळाष्टमीचा दिवस होता. दुपारचे बारा वाजले होते. मित्रांनी माझी खुर्ची चौघांत उचलून देवळामागच्या खडकांवर नेली. भरती अगदी भरात होती. लाट आली आणि माझ्या पावलांवरून, गुडघ्यांवरून, थेट छातीपर्यंत...’”

“किती वाजता?” धर्मानं विचारलं.

“बारा.”

“तिथी?”

“सांगितलं ना, गोकुळाष्टमी.”

“परत वाच.”

रुचितानं परत वाचलं. या खेपेला चौघांचे पाच झाले आणि छातीचा गळा झाला, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

धर्मा खिडकीकडे बघत म्हणाला, “आठाची पाऊणपट किती गं?”

“सहा,” रुचिता पटकन म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

हा हिशेब ती पाढ्यांच्याही आधी शिकली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चौथीला तीन, पाचवीला पावणेचार, आठवीला सहा. बाबानं लाँचच्या टपावर बसवून, बोटं मोजायला लावून शिकवलेला. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे बाराला ठणठणीत ओहोटी.

“आनि वर अष्टमीचा भांग,” धर्मा सावकाश म्हणाला. “भरती असली तरी पानी चढत न्हाय फार. अष्टमीला बाराला हरिहरेश्वराचं खडक उघडं पडल्यालं असतात पोरी. लोक परदक्षिना घालीत असतात तिथनं. लोक सुक्यानं फिरतायत, आनि तुजा मास्तर गळ्यापत्तर भिजतोय?”

“मास्तर माणगावचे आहेत ना,” रुचिता म्हणाली. “त्यांना भरतीचं काय कळतंय?”

“व्हय. न्हाय कळत. पन जो मानूस माशीचं पाय मोजून लिवतो, तो समिंदर न बघता लिवंल कं?” धर्मानं पहिल्यांदा मान तिच्याकडे वळवली. “हे मास्तराचं न्हाय. हे तुजं हाय. तीन दिस तुजंच हाय. पोपट आला तवाच मना वाटलेला. किती पानं सोडलीस?”

रुचिताचा आवाज, ज्यानं शाळेचं पटांगण भरायचं, तो बोटभर झाला. “एकवीस.”

“का?”

तिनं उघडं पुस्तक छातीशी धरलं. कमळ केव्हाची दारात येऊन उभी होती. तिनं पुस्तकाकडे पाहिलं, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “मिटव ते पुस्तक. मी सांगत होते पयल्यापासनं.”

“कमळ, तू बी बस,” धर्मा म्हणाला. “रुचिता, वाच. जसं हाय तसं.”

“बाबा, नको.”

“अगं, मी पलंगावरनं पडतोय कं उठतोय? वाच.”

रुचितानं वाचलं. स्पर्धेचा आवाज लागेना, म्हणून घरच्या आवाजात वाचलं. मधे दोनदा थांबली. ‘आईनं वरणभाताचा घास पुढे केला. मी दात आवळले. साऱ्या शरीरात माझ्या ताब्यात एवढं एकच दार उरलं होतं. ते मी लावून घेतलं.’ इथं कमळनं पदर तोंडाशी नेला. रुचितानं डोळे वर न करता पुढे वाचलं. मास्तरांच्या आईचं ताट घेऊन येणं आणि घेऊन जाणं. भिंतीवरच्या पालीचा हेवा. रागवायलासुद्धा कंटाळा. बाहेर अंधारून आलं, कमळनं उठून ट्यूब लावली, पुन्हा येऊन बसली. शेवटचं पान आलं. ‘चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तोंड उघडलं. का उघडलं, ते मला आजही सांगता येत नाही.’

रुचितानं पुस्तक मिटलं. वर बघायची तिची छाती होईना.

“चार दिस,” धर्मा म्हणाला.

रुचितानं खाली बघूनच मान हलवली.

“त्याचं पन चारच.” त्यानं एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की एवढा श्वास त्याच्यात मावत होता हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. “मना वाटायचं, मीच एक नालायक. एवडी मानसं सुखरूप पार नेली आनि आपलीच होडी बुडवाया निघालो. तांडेल आनि असला भेकड! लाजेनं कोनाला बोल्लो न्हाय. आनि ह्यो मास्तर बघ, पुस्तकात छापून मोकळा.”

“बाबा, आता...” रुचितानं शेवटी वर पाहिलं. “आता तसं वाटतं?”

“न्हाय गं. कवा कवा कंटाला येतो. तो येनारच. पन तसला न्हाय.” तो थांबला. मग त्याच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुती पडली. “आनि मास्तराला सांगता येत न्हाय, पन मना सांगता येतंय, मी तोंड का उघडलं.”

“नवस,” रुचिता म्हणाली.

“कसला नवस! त्या दिवशी गणराज आयला. हितं उभा ऱ्हायला आनि म्हनतो कसा, तांडेल, उद्या चतुर्थी, सहाची भरती हाय, तर मी लाँच सहालाच काढतो. सहाची! चतुर्थीला! मी दात आवळून पडल्यालो, पन डोकं असं फिरला! वीस वर्सं हाताखाली ठेवला ह्या गाढवाला, आनि त्यो भरल्या लाँचला गाळात घालनार. मी वरडलो, ‘तीनला रं, हैवाना, तीनला!’ तोंड उघडला, आनि तुज्या आयशीनं चमचा घातला आत.”

रुचिता आईकडे बघायला लागली. कमळ जमिनीकडे बघत होती.

“अवो,” कमळ म्हणाली, “त्याला मीच धाडलेला.”

“काय?”

“मी बोल्ले त्याला, नीट इचारशील तर ते गप ऱ्हातील. काय तरी चुकीचं बोल. भरतीचं बोल. त्यो बिचारा घाबरत होता, म्हने वैनी, तांडेल मना ठार मारतील. मी बोल्ले, मारू दे. मारायला तरी उठतील.”

धर्मा बघत राहिला. “वर्स झाला. बोल्ली न्हाईस.”

“तुमी इचारलं न्हाय.”

“आनि मंग एकविरेचं पाच नारळ?”

“त्यो पन बोल्लेले. दोनी केलं. कोन कामाला येल, काय सांगावं?”

आधी रुचिताच फुटली. मग धर्माच्या गळ्यात ती घरघर सुरू झाली, आणि मग कमळ, जी हसताना नेहमी तोंडावर हात धरायची, ती हात धरायला विसरली. शेजारून सखुबाई ओरडली, “काय झाला गं? बरा हाय ना समदा?”

“बरा हाय, बरा हाय!” कमळ आतूनच ओरडली. “तांडेल पुस्तक वाचतायत!”

हसून हसून धर्माला ठसका लागला. कमळनं त्याला कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या दिल्या, पाणी पाजलं. खिडकीबाहेर खाडी भरत आली होती. तिथी नवमी, म्हणजे पावणेसात. रुचितानं आपसूक हिशेब केला आणि घड्याळाकडे पाहिलं. सहा चाळीस. पाच मिनिटं होती.

अलिबागच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती गणवेश घालून, दोन वेण्या घट्ट बांधून बाबासमोर उभी राहिली. एसटीला अजून अर्धा तास होता. सात मिनिटांचं भाषण शेवटचं म्हणून दाखवायचं होतं. अंगणात कमळनं बोंबील वाळत घातले होते. घरात माश्यांची ये-जा चालली होती.

“बाबा, एक विचारू? मी त्यात भरतीचं सांगू का? मी खोटं वाचलं आणि तू पकडलंस ते?”

धर्मानं विचार केला. “आनि गणराजचं?”

“तेही. तू म्हणालास तर.”

“सांग,” तो म्हणाला. “समदं सांग. पन पाऊणपट नीट सांग. अलिबागची मानसं हायत, चुकलीस तर हसतील.”

रुचितानं हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि सुरुवात केली. “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग...” त्याच वेळी एक माशी आली, धर्माच्या कपाळावर टेकली आणि तिथून खाली उतरून नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली. कमळचा हात हाकलायला वर गेला.

“ऱ्हाऊ दे,” धर्मा ओठ न हलवता पुटपुटला. “बसू दे जरा.”

कमळचा हात तसाच वर राहिला. धर्मानं डोळे मिटले. माशी चालायला लागली, डाव्या बाजूनं उजवीकडे, आणि रुचिता पुढे बोलत राहिली.